ओसरीवरची दुपार: अमेरिकेतील लॅटिनो वस्त्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणारी माणसे

गोकर्ण (धागाकर्ती)

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील ज्येष्ठांच्या एका डे केअर केंद्रात मी गेली अकरा वर्षे समाजसेविका म्हणून काम करते. केंद्रात येणारे ज्येष्ठ बहुतांशी मेक्सिकन वंशाचे आहेत आणि त्यांतील अनेकांना अल्झायमर किंवा अन्य प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. माझा संबंध मात्र त्यांच्यापेक्षा त्यांना घरी सांभाळणाऱ्या मुली, सुना, बायका आणि क्वचित मुलगे यांच्याशी अधिक येतो. नवीन कुटुंब आले की सांभाळणाऱ्या व्यक्तीवर किती ताण आहे हे पाहण्यासाठी झॅरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली मी स्पॅनिशमधून भरून घेते. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, प्रकृतीवर परिणाम झाला आहे का, पैसे पुरणार नाहीत अशी काळजी वाटते का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. प्रश्न चांगलेच आहेत. पण त्या घराचा दरवाजा कोणत्या रस्त्यावर उघडतो आणि त्या रस्त्यावर त्या बाईला कोण ओळखते, हे २२ पैकी एकही प्रश्न विचारत नाही. ही उणीव मला अलीकडे फार जाणवू लागली आहे आणि त्याचे कारण एक घर आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याविषयी लिहिते.

लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स या भागात जुन्या, लाकडी, बैठ्या घरांच्या एका गल्लीत ८४ वर्षांची आई आणि ५८ वर्षांची मुलगी भाड्याने राहत होत्या. आईला अल्झायमर होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. दुपारी तीनच्या सुमारास मुलगी आईला पुढच्या ओसरीवर खुर्चीत बसवी आणि तिच्या मांडीवर पत्र्याची परात ठेवून त्यात फ्रिहोलेस, म्हणजे तिकडचा ठिपक्यांचा राजमा, निवडायला देई. मुलीचे नाव आईला आठवत नसे, पण तिचे बोट राजम्यातील खडा अचूक शोधून परातीच्या काठाला लावत असे. माझी आजी सुपात तांदूळ निवडताना असेच करी, त्यामुळे पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी बोलता बोलता थांबले होते. वेचलेले खडे मुलगी रात्री पुन्हा त्याच राजम्यात मिसळून ठेवी, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या हातांना काम हवे असे.

त्याच वेळेस शाळा सुटे. मुलांना घरी नेणाऱ्या आया, एलोते म्हणजे उकडलेल्या कणसांची गाडी ढकलणारा गृहस्थ, समोरच्या घरातील कोमादरे, असे सगळे त्या ओसरीपुढून जात आणि ‘ब्वेनास तार्देस, दोन्या’, म्हणजे ‘शुभ दुपार, बाई’, असे म्हणून पुढे सरकत. कोमादरे म्हणजे आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता झालेली बाई; आपल्याकडच्या मानलेल्या बहिणीच्या जवळ जाणारे, पण चर्चच्या साक्षीने पक्के झालेले असे ते नाते आहे. म्हातारी उठून फाटकापाशी गेली तर यांपैकी कोणीतरी तिला बोलण्यात गुंतवून परत खुर्चीत बसवी. त्या पाऊण तासात मुलगी दार लावून अंघोळ करी, औषधांच्या दुकानाला फोन करी किंवा नुसती डोळे मिटून पडून राही. तिला कोणी मदतनीस दिला नव्हता आणि कोणत्याही सरकारी नोंदीत हा पाऊण तास ‘सेवा’ म्हणून लिहिलेला नव्हता.

नंतर मालकाने ते घर विकले. कॅलिफोर्नियात १९९५ च्या कोस्टा-हॉकिन्स कायद्याने स्वतंत्र घरांना स्थानिक भाडेनियंत्रणातून सूट दिलेली आहे, त्यामुळे त्याच गल्लीत दुसरे घर तिला परवडणे शक्यच नव्हते. दोघी उत्तरेकडे पामडेलला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेल्या. तिथे दार उघडले की अरुंद सज्जा आणि त्याखाली मोटारी लावण्याचे डांबरी मैदान आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बसचा थांबा चालण्याच्या टप्प्यात नाही. परात तीच, राजमा तोच. पण आई आता पाच मिनिटांत उठते आणि जिन्याकडे जाते. मुलीने दाराला छोटी घंटा बांधली आहे आणि ती न्हाणीघराचे दार उघडे ठेवून, पाण्याचा आवाज कमी करून अंघोळ करते. सहा महिन्यांनी मी फोनवर तीच २२ प्रश्नांची यादी वाचली तेव्हा मध्यम ताणाच्या पट्ट्यातील तिचे गुण तीव्र ताणाच्या पट्ट्यात गेले होते. तेवढ्या काळात आजार थोडा वाढला असेल हे मी नाकारत नाही, पण सगळा फरक त्यामुळे पडला असे मला अजिबात वाटत नाही.

अल्झायमर असोसिएशनच्या माहितीनुसार अमेरिकेतील वृद्ध लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांत अल्झायमर किंवा अन्य स्मृतिभ्रंशाचे प्रमाण वृद्ध गोऱ्यांच्या सुमारे दीडपट आहे, आणि यांतील बहुसंख्य रुग्ण घरीच सांभाळले जातात. म्हणजे या आजाराचा खरा दवाखाना बॉइल हाइट्स, शिकागोतील लिटल व्हिलेज, मायामीतील लिटल हवाना अशा वस्त्यांमधील घरे हाच आहे. आपल्यापैकी अनेक जण अशा वस्त्यांत किंवा त्यांच्याजवळ नोकरी करतात. आपण काय पाहिले आहे, ते कृपया लिहावे.

सदाशिव_शिकागो

गोकर्णताई, आपले लिखाण वाचून मला शिकागोतील जुलै १९९५ ची उष्णतेची लाट आठवली. मी तेव्हा इथे नव्हतो. परंतु पुढे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेताना तिचा अभ्यास करावा लागला. त्या आठवड्यात शहरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले आणि मृतांमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. शहरात लॅटिनो लोकसंख्या जवळजवळ चौथा हिस्सा असूनही उष्णतेने मेलेल्यांत त्यांचा वाटा केवळ २ टक्के होता. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारी शेजारी असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेलमध्ये दर लाख लोकांमागे ४० मृत्यू झाले, तर साउथ लॉनडेलमध्ये, ज्याला सगळे लिटल व्हिलेज म्हणतात, तिथे दर लाखामागे ४. दोन्हीकडे गरिबी होती आणि एकटे राहणारे वृद्ध दोन्हीकडे होते. नॉर्थ लॉनडेलमध्ये कारखाने बंद पडून, दुकाने जाऊन, रिकामे भूखंड पडून रस्ते निर्मनुष्य झाले होते. लिटल व्हिलेजच्या २६ व्या रस्त्यावर मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत दुकाने, फेरीवाले आणि माणसांची वर्दळ होती, त्यामुळे म्हातारी माणसे घराबाहेर पडत आणि थंडगार दुकानात जाऊन बसत.

विशेष म्हणजे लिटल व्हिलेजमधील त्या एकट्या वृद्धांत बरेच जण मेक्सिकन नव्हते. जुन्या काळी तिथे राहिलेले गोरे होते. त्यांना स्पॅनिश येत नव्हते, त्यांची मुले दूर गेली होती, तरीही गजबजलेला रस्ता त्यांच्याही उपयोगी पडला. म्हणून ‘लॅटिनो कुटुंबे प्रेमळ असतात, म्हणून त्यांचे वृद्ध वाचले’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. तो अभ्यास स्मृतिभ्रंशाचा नव्हता, पण आपल्या ओसरीपुढून जाणारी माणसे आणि २६ व्या रस्त्यावरची वर्दळ या एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत.

पाऊलवाट

धागा मनापासून वाचला. तरीही एक शंका मांडते, आणि ती विरोधासाठी नाही. आपण वस्तीचे जे वर्णन करता त्यातून ‘या लोकांना एकमेकांचा आधार असतो’ असा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे, आणि तो निष्कर्ष नेमका कोणाला सोयीचा ठरतो? आपल्या मराठी घरांतही ‘आमच्यात म्हाताऱ्यांना बाहेर ठेवत नाहीत’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते वाक्य बोलणारा माणूस सहसा रात्री तीन वाजता चादर बदलणारा नसतो. चार भावंडांतली एक बहीण नोकरी सोडते आणि बाकीचे रविवारी फळे घेऊन येतात. लॅटिनो घरांतही असेच होत असेल, तर शेजाऱ्यांची नजर त्या बहिणीला आधार देते की तिच्यावर पहारा ठेवते? आईला कुठे ठेवायचे ठरवलेच, तर तीच कोमादरे चर्चमध्ये काय बोलेल?

रिओकाठ

मी टेक्सासच्या दक्षिण सीमेवर, रिओ ग्रान्देच्या खोऱ्यात, कुटुंबवैद्य म्हणून काम करतो. पाऊलवाट यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला आधी संशोधनातील एक गोष्ट सांगावीशी वाटते.

मेक्सिकन वंशाच्या वृद्धांचा एक मोठा अभ्यास १९९३-९४ पासून टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कोलोराडो या पाच राज्यांत सुमारे ३,००० ज्येष्ठांवर चालला. त्याच आकडेवारीवरून २००४ साली असे दाखवले गेले की ज्या वस्त्यांत मेक्सिकन वंशाच्या लोकांचे प्रमाण अधिक आहे, तिथले वृद्ध त्या वस्त्या गरीब असूनही तुलनेने जास्त जगतात. याला ‘बार्रिओचा लाभ’ असे नाव पडले. बार्रिओ म्हणजे मोहल्ला, आळी. परंतु हा लाभ मोजला गेला तो वृद्धांच्या आयुष्याचा. त्यांना सांभाळणाऱ्या मुलीच्या कंबरेचा, रक्तदाबाचा आणि झोपेचा हिशेब त्यात नाही. म्हातारा अधिक जगतो, म्हणजे स्मृतिभ्रंश असेल तर सांभाळणेही अधिक वर्षे चालते. एकाच आळीने वडिलांना तारावे आणि मुलीला झिजवावे, हे माझ्या दवाखान्यात मी अनेकदा पाहतो.

आता आमच्याकडील वस्त्यांविषयी. टेक्सासच्या सीमेवर कोलोनिया नावाच्या दोन हजारांहून अधिक वस्त्या आहेत आणि सर्वाधिक आमच्या हिडाल्गो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून, पाणी, गटार, रस्ता यांतले काहीही न देता ते हप्त्यांवर विकले गेले आणि लोकांनी जमेल तशी, खोलीमागून खोली अशी घरे बांधली. काही ठिकाणी आता सुधारणा झाली आहे. पण पाऊस पडला की जिथे चिखल होतो, रात्री जिथे रस्त्यावर दिवा नाही आणि मोकाट कुत्री आहेत, अशा ठिकाणी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला फिरायला न्यायचे कसे? आजारामुळे तिन्हीसांजेला बेचैनी वाढते आणि रुग्ण ‘घरी जायचे, घरी जायचे’ म्हणू लागतो. थोडे चालवून आणले तर तो शांत होतो, हा आमचा साधा सल्ला असतो. कोलोनियातील बाई तो ऐकते, मान डोलावते आणि काही बोलत नाही. तिच्या घरी एकदा जाऊन येईपर्यंत ती गप्प का बसते हे मला कळले नव्हते. दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालण्यासारखी जागाच नव्हती. मी तीन वर्षे तो सल्ला देत होतो.

मानसिक भार कशाने वाढतो, तर ज्याला ते फमिलिस्मो म्हणतात, म्हणजे कुटुंब आधी, आपण नंतर, या शिकवणीने. तिच्यात बळ आहे हे खरे. पण ती शिकवण घरातल्या बाईलाच लागू होते, पुरुषाला सवलत असते. आणि शेजार याच शिकवणीचा असल्यामुळे पाऊलवाट म्हणतात तसा पहाराही असतो. माझ्या एका रुग्णाची सून मला म्हणाली होती की सासऱ्यांना डे केअरची गाडी न्यायला येते तेव्हा ती खिडकीचा पडदा ओढून घेते.

तगर

मी मायामीला राहते आणि ओसरीचा उल्लेख वाचून मला राहवले नाही, कारण इथे यावर प्रत्यक्ष संशोधन झाले आहे. लिटल हवानाच्या पूर्व भागात ७० वर्षांवरील २७३ लॅटिनो वृद्धांचा काही वर्षे मागोवा घेतला गेला आणि ते ज्या गल्ल्यांत राहतात तिथल्या प्रत्येक इमारतीचे दर्शनी रूप नोंदवले गेले. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गल्ल्यांत घरांना पुढे ओसरी आणि पायऱ्या होत्या, तिथल्या वृद्धांना आधार अधिक असल्याचे जाणवत होते आणि मानसिक त्रास कमी होता. संशोधकांनी कारण असे मांडले की ओसरीवर बसलेल्या माणसाला जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलता येते आणि तरीही आपल्या घरातच असल्याचा निवांतपणा राहतो. आपल्या वाड्याच्या ओट्याविषयी माझी आजी हेच सांगत असे.

मी वास्तुविशारद आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. जमिनीचा भाव वाढला की पहिला बळी ओसरीचा जातो. बैठे घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहते, तळमजल्यावर मोटारी येतात आणि दाराऐवजी पोलादी फाटक येते. नकाशा मंजूर करताना वाहनतळाची किमान संख्या काटेकोरपणे तपासली जाते. बसायची पायरी किती हवी हे कोणी विचारत नाही. ८ व्या रस्त्यावरच्या मॅक्सिमो गोमेझ उद्यानात डॉमिनो खेळणाऱ्या क्यूबन म्हाताऱ्यांचे फोटो पर्यटक काढतात. त्या टेबलांवर पूर्वी बसणाऱ्या एका गृहस्थांना आता स्मृतिभ्रंश आहे. त्यांची पत्नी आठवड्यातून दोनदा त्यांना तिथे घेऊन येते. ते खेळत नाहीत, सोंगट्यांच्या आवाजाकडे कान देऊन बसतात, आणि त्या अर्ध्या तासात ती बाजूच्या बाकावर दुसऱ्या बायकांशी बोलून घेते. माझ्या पाहण्यात तरी तिचे ते एवढेच मोकळे बोलणे आहे.

अबोली_एनजे

मी न्यू जर्सीत माझ्या सासूबाईंना सांभाळते. त्यांना चार वर्षांपूर्वी निदान झाले. आमचे घर मोठे आहे, अंगण आहे, उत्पन्न चांगले आहे आणि दुपारी दोन वाजता आमच्या रस्त्यावर एकही माणूस दिसत नाही. सासूबाई खिडकीत बसतात आणि ‘आज संप आहे का गं?’ असे विचारतात. इथे मराठी मंडळ आहे, देऊळ आहे, पण सगळीकडे मोटारीने जावे लागते आणि त्यांना मोटारीत बसवायलाच वीस मिनिटे लागतात. लॅटिनो वस्त्यांतील गरिबी, दिव्यांचा अभाव, घर सुटण्याची भीती यांची माझ्या परिस्थितीशी तुलना होऊ शकत नाही हे मला कळते. तरी गोकर्णताईंनी लिहिलेला तो पाऊण तास वाचून मी बराच वेळ रडले.

सदाशिव_शिकागो

अबोलीताई, आपण लिहिलेत हे फार बरे झाले.

गोकर्ण

सर्वांचे आभार. पाऊलवाट आणि रिओकाठ यांनी जे लिहिले त्याच्याशी मी सहमत आहे आणि माझ्या पहिल्या लिखाणात ही बाजू कमी पडली हे मान्य करते. पडदा ओढून घेणाऱ्या सुना माझ्याही पाहण्यात आहेत. आजाराचे नावच अनेक घरांत घेतले जात नाही. ‘कोसास दे ला एदाद’, म्हणजे वयाच्या गोष्टी, असे म्हणून वर्षे जातात, जसे आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो. त्यामुळे निदान उशिरा होते आणि मदतही उशिरा मिळते.

पण मदत कळते कशी, याविषयी थोडे लिहिते, कारण तिथे वस्तीचा संबंध फार जवळून येतो. कॅलिफोर्नियात घरातच सांभाळणाऱ्या नातेवाइकाला राज्याकडून तासांप्रमाणे वेतन मिळण्याची योजना आहे आणि महिन्याला जास्तीत जास्त २८३ तास मंजूर होऊ शकतात. मी ज्या मुलीविषयी लिहिले तिला ही योजना कोणा डॉक्टरने सांगितली नाही. कपडे धुण्याच्या दुकानात शेजारच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईने सांगितली, आणि त्याच बाईने अर्ज भरताना ‘आई रात्री उठून बाहेर जाते हे नक्की लिही, ते लिहिले नाहीस तर तास कमी मिळतील’ असेही बजावले. कोणत्याही माहितीपत्रकात हे इतक्या नेमकेपणाने लिहिलेले मी पाहिलेले नाही. पामडेल त्याच काउंटीत असल्यामुळे वेतन चालू राहिले, पण आमच्या केंद्राची गाडी तिथवर जात नाही, म्हणून डे केअर मात्र सुटले. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने जुलै २०२४ पासून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक नवीन उपक्रम सुरू केला आहे. त्यात सांभाळणाऱ्या व्यक्तीला विश्रांती मिळावी म्हणून पात्र रुग्णामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत सोय आहे. पण तो केवळ मूळ, म्हणजे सरकार थेट चालवते ते, मेडिकेअर असणाऱ्यांसाठी आहे, आणि आमच्याकडील बहुतेक ज्येष्ठ खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांत आहेत. ‘तुम्हाला लागू नाही’ हे स्पॅनिशमध्ये सांगण्याचे काम माझ्या वाट्याला येते.

सदाशिव यांनी गरिबीचा मुद्दा काढला म्हणून हेही नोंदवते की बॉइल हाइट्स आपोआप गरीब राहिलेले नाही. १९३९ साली केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहराचा जो नकाशा केला त्यात या भागाला लाल, म्हणजे कर्जासाठी धोक्याचा, रंग दिला, आणि कारण म्हणून तिथल्या मिश्र वंशाच्या वस्तीवरच बोट ठेवले. कर्जे आटली. पुढे दोन दशकांत याच भागावरून महामार्गांचे जाळे नेले. हॉलेनबेक उद्यानातील तळ्याच्या काठावरून आज मोटारी धावतात आणि बाकावर बसलेल्या दोघांना बोलताना आवाज चढवावा लागतो. आवाजाने आणि गर्दीने ज्यांची बेचैनी वाढते त्या रुग्णांना तिथे नेता येत नाही. याउलट एव्हरग्रीन दफनभूमीच्या कुंपणाबाहेर २००३ साली रहिवाशांनी मागणी लावून धरून चालण्यासाठी रबराचा मऊ मार्ग करून घेतला. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तिथे ठेच लागत नाही. संध्याकाळी वडिलांचा हात धरून फिरणाऱ्या मुली मला तिथे नेहमी दिसतात.

एक गोष्ट लिहावी की नाही असे वाटत होते, पण लिहिते. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या, तेव्हा आमच्या भागातील रस्ते काही आठवडे ओस पडले. एलोतेवाला आला नाही. मुलांना शाळेतून आणायला नागरिकत्व असलेली मावशी किंवा काका जाऊ लागले. ज्यांच्या भरवशावर म्हातारी माणसे ओसरीवर बसत, ती माणसेच घरात बसली. अल्झायमर असोसिएशन सांगते की स्मृतिभ्रंश झालेल्या दर दहा जणांपैकी सहा जण कधी ना कधी घराबाहेर भरकटतात. अशा वेळी आम्ही शिकवतो की पंधरा मिनिटे आसपास शोधा आणि सापडले नाहीत तर लगेच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. त्या जूनमध्ये एका बाईंचे पती दुपारी निघून गेले आणि त्या बाईंनी फोन केला नाही, कारण घरात त्यांचा भाचा होता आणि त्याच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रे नव्हती. पती दोन तासांनी एका पानादेरियात, म्हणजे बेकरीत, सापडले. तिथल्या बाईने त्यांना ओळखून पैशाच्या गल्ल्यामागे बसवले होते आणि हातात कोन्चा, म्हणजे शिंपल्याच्या नक्षीचा गोड पाव, दिला होता. पत्नी पोहोचली तेव्हा त्यांच्या शर्टावर साखरेचा चुरा होता आणि ते त्या दुकानाला स्वतःच्या गावची बेकरी समजून दुकानदार बाईला हिशेब विचारत होते.

पाऊलवाट

गोकर्णताई, माझ्या शंकेचे उत्तर मिळाले आणि एक नवीन प्रश्न पडला. जे कुटुंब वस्तीतून बाहेर फेकले गेले त्याचे काय? जुनी ओसरी परत मिळणार नाही. मग तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिथे नेमके काय करायचे?

रिओकाठ

आमच्याकडे प्रोमोतोरा असतात, म्हणजे त्याच वस्तीतील बायका, ज्यांना आरोग्याचे प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले जाते. वस्ती विस्कळीत असते तिथे त्या काही प्रमाणात शेजारणीचे काम करतात. २००६ साली मायामीसह पाच शहरांतील ६४२ काळजीवाहकांवर झालेल्या एका प्रयोगात सहा महिने घरी जाऊन आणि फोनवरून प्रशिक्षण व आधार दिल्यावर लॅटिनो काळजीवाहकांच्या जीवनमानात स्पष्ट सुधारणा दिसली होती. म्हणजे घरी जाण्याला अर्थ आहे. पण प्रोमोतोरांचा पगार बहुधा अनुदानावर असतो, आणि अनुदान संपले की त्यांचे येणे थांबते. एका वृद्ध बाईने मला विचारले होते, ‘ती मुलगी रागावली का माझ्यावर?’ तिला मी काय सांगणार होतो?

तगर

पाऊलवाट, माझ्या व्यवसायाच्या बाजूने सांगायचे तर, दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबासाठीही तळमजल्यावर कुठेतरी सावली, बसण्याची जागा आणि येण्या-जाण्याचे कारण या तीन गोष्टी एकत्र येतात का, ते शोधावे. नुसता बाक ठेवला तर कोणी बसत नाही. टपालपेट्या, नळ, कपडे धुण्याची खोली अशा ठिकाणी माणसे येतातच.

गोकर्ण

तगर यांचा प्रतिसाद वाचून मी त्या मुलीला फोन केला आणि तुमच्याकडे कपडे धुण्याची खोली कुठे आहे, असे विचारले. ती तळमजल्यावर, इमारतीच्या उत्तर बाजूला आहे, म्हणजे दुपारी तिच्यापुढे सावली असते. खोलीबाहेर सिमेंटचा कट्टा आहे. दोन आठवड्यांपूर्वी तिने आईची खुर्ची तिथे नेऊन ठेवायला सुरुवात केली. पहिले तीन दिवस कोणी बोलले नाही. चौथ्या दिवशी एल साल्वादोरहून आलेल्या एका बाईने, यंत्र थांबेपर्यंत वेळ आहे म्हणून, स्वतःहून परातीत हात घातला आणि खडे वेचू लागली. तिचे राजमे वेगळे असतात, बारीक आणि लाल. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन आली. दोन्ही एकत्र झाले तेव्हा आईने चिडून सगळी परात उपडी केली आणि नंतर दोघी खाली बसून रंगांप्रमाणे वेगळे करत होत्या, असे मुलीने मला सांगितले. आई अजूनही दहा मिनिटांत उठते. पण ती बाई मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे असतेच, आणि त्या दोन दिवशी मुलगी वर जाऊन न्हाणीघराचे दार लावते.

येत्या मंगळवारी मी पामडेलला जाणार आहे. येताना बॉइल हाइट्सच्या पानादेरियातून सहा कोन्चा आणायला मुलीने सांगितले आहे. त्यांतल्या दोन त्या बाईसाठी वेगळ्या बांधून आणायच्या आहेत.